दुसऱ्यांदा लेत्रास

पहाटे तीनला मारिकिताचा चौक
कालच्या उन्हानं अजून कोमट.
फळांच्या टपरीला ताडपत्री बांधली,
पाटीवर खडूनं लिहिलं: दोराल्बा उद्या येईल.
मागच्या खेपेलाही हेच लिहिलं होतं
आणि उगवले चौथ्या दिवशी.
गुडघ्यांपेक्षा मान दुखत होती, वर करवत नव्हती.

कुणी काही विचारलं नाही. छळ तो तोच.
गिऱ्हाइकं मँगोस्टीन दाबून बघत,
सुट्टे पैसे मोजत,
आणि घाटाचं नाव टाळत,
दुखवट्याच्या घरी लग्नाचं टाळतात तसं.

ऐंशी किलोमीटर चढ.
एलिएसेरनं मागचं दातेरी चाक बदललं,
बत्तीस दात्यांचं बसवलं, म्हणाला,
"तोंडात आहेत तेवढेच. आता दोन्हीकडून चावा घे."

फ्रेस्नोपर्यंत कॉफीचे मळे, केळी,
ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास.
गाव संपलं की रस्ता चक्क खाली उतरतो
आणि नवख्याला बरं वाटतं.
मला ठाऊक होतं, हा उतार उसना आहे,
पादुआच्या आत व्याजासकट वसूल होतो.

पादुआत पोरं रस्त्यातच चेंडू खेळत होती.
"आजी, कुठवर?"
मी एकावन्न वर्षांची.
"तुझ्या घरापेक्षा वर," म्हटलं,
आणि तेवढा दम वाया घालवला म्हणून
स्वतःलाच एक शिवी हासडली.

गेल्या साली देल्गादितासच्या पुढे
एका पिवळ्या भिंतीपाशी पाय टेकला.
एकदा टेकला की टेकलाच.
पावसात दुधाचा ट्रक थांबला.
आर्नुल्फोनं सायकल कॅनांच्या मध्ये आडवी केली,
आपलं जाकीट माझ्यावर टाकलं,
रेडिओ बंद केला.
ट्रक मानिसालेसचा, म्हणजे माथ्यावरूनच जाणारा.
मी डोळे घट्ट मिटून बसले.
पायांनी मिळवलं नाही
ते काचेतून फुकट कशाला बघू?
त्याला वाटलं, झोपली बाई.
कॅनांचा आवाज बदलला
तेव्हा कळलं, माथा गेला.

ती भिंत चौदा महिने माझ्या उशाशी.
तिला काय सुनवायचं ते ठरलेलं,
भांडी घासता घासता पाठ झालेलं.

आज धुकं.
देल्गादितासला गुळाचं उकळतं पाणी घेतलं,
त्यात चीजचा तुकडा सोडला,
बोटांना कपाची धग लावून घेतली.
"पुढे एक पिवळी भिंत आहे ना?"
"असेल," दुकानवाली म्हणाली.

मग फक्त बत्तीस दाते.
पुढचं चाक, त्यापुढे पांढरं.
कडेला फ्रायलेहोनची झुडपं, लोकरी पानांची,
कुणाची तरी वाट बघत ताटकळल्यासारखी.
भिंत आता येईल म्हणून जबडा आवळलेला.
आता येईल.
आता.

दगड आला: लेत्रास, चार.

म्हणजे ती केव्हाच मागे पडली!
दुसरा रंग दिला असेल, पाडली असेल,
किंवा तिथंच होती, हातभर अंतरावर,
आणि मी मान खाली घालून निघून आले.
एवढं पाठ केलेलं भाषण तोंडातच राहिलं.
राग आला. मग हसू. मग खोकला,
तिथली हवा हसायला पुरत नाही.

माथ्यावर स्टिकरांनी झाकलेली पाटी,
एक ओलं कुत्रं,
आणि सूप संपलंय असं सांगणारी बाई.
अरेपा घेतला, पाटीला टेकून उभी राहिले.
पलीकडे ज्वालामुखी आहे म्हणे, बर्फाचा.
तिकडे पांढरं. इकडेही पांढरं.
हात थरथरत होते, अरेपा गार होत होता,
मी मात्र पापणी लववली नाही.

उद्या टपरीवर कुणी विचारो न विचारो,
सांगणार आहे:
काय दिसलं? धुकं.
चांगलं दाट होतं.